रॉकेल, वीज आणि चारशे किलोची चूल

हेक्सहॅमजवळ, नॉर्थम्बरलंड
८ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आईस,


पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. धाकटीचा खोकला गेला, थोरल्याचा पुढचा दात पडला, आणि तुझे जावई नेहमीप्रमाणे दिवसभर दुसऱ्यांना भूल देऊन रात्री स्वतः टक्क जागे असतात. पत्राचं कारण चूल. परवा फोनवर तू विचारलंस, "एक शेगडी घ्यायची तर दोन शिकलेल्या माणसांना एवढे महिने लागतात?" मी उत्तराला तोंड उघडणार तोच बाबांनी फोन घेतला, "इंडक्शन घ्या" एवढं बोलले आणि ठेवून दिला. दोन्ही बाजू ऐकून घ्यायची पद्धत आपल्या घरी कधी नव्हतीच. म्हणून सगळं लेखी कळवते. बाबांना वाचून दाखव, आणि मध्येच उठायला लागले तर चहा उशिरा टाक.

घर घेतलं तेव्हा ही चूल घरातच होती. जुन्या मालकांनी पडदे नेले, परसातली बाकडी नेली, दाराची घंटासुद्धा स्क्रू काढून नेली, पण ही मागे ठेवली. आम्हाला वाटलं केवढं मन मोठं! मग कळलं की तिचं वजन चारशे किलोच्या आसपास आहे. नाव तिचं आगा. कुणी खानसाहेब नव्हेत. स्वीडनमधल्या एका कंपनीच्या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं आहेत. अंग बिडाचं, वरून सायीच्या रंगाचं एनॅमल. माथ्यावर दोन जाड चकचकीत झाकणं, त्यांना तारेच्या वेटोळ्यांच्या मुठी. झाकण उचललं की खाली काळी सपाट तबकडी, एक कडक तापलेली, दुसरी मंद. पोटात दोन ओव्हन, वरचा भाजायचा आणि खालचा मुरवायचा. बटण नाही. ज्योत दिसत नाही. आच कमी-जास्त करायला पिळायचा कान नाही. समोर एक छोटा काटा आहे, तो काळ्या रेघेवर असला म्हणजे चुलीची प्रकृती उत्तम. आच कमी हवी असेल तर चुलीला काही सांगायचं नाही, आपण भांडं उचलून दुसरीकडे ठेवायचं. तू वैलावर वरण सरकवतेस, तेच तंत्र, फक्त हिला लाखांत किंमत.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे ती कधी विझवायची नाही. रात्री नाही, आपण गावाला गेलो तरी नाही. आई, ही दावणीला बांधलेली म्हैस आहे. तू दूध काढ नाहीतर नको काढूस, वैरण रोज पडलीच पाहिजे. वैरण कसली? रॉकेल! या भागात पाइपचा गॅस पोचलेला नाही, त्यामुळे खेड्यातली बहुतेक घरं रॉकेलवरच तापतात. ज्या रॉकेलसाठी तू दापोलीत रेशनच्या रांगेत कॅन घेऊन उभी राहायचीस, आणि ते निळं पाणी अर्धा लिटर कमी भरलं म्हणून दुकानदाराशी तुझं दर महिन्याला वाजायचं, ते इथे टँकरने दारात येतं. कार्ड विचारत नाहीत. उलट पाचशे लिटरच्या खाली द्यायलाच तयार नसतात. मागच्या अंगणात हिरवी प्लास्टिकची टाकी आहे, तिला भलंमोठं कुलूप. रॉकेलचोर इथेही आहेत, हे कळल्यावर मला जरा माहेरी आल्याचं वाटलं.

आता हिशेब, कारण हा जावयांचा प्रांत. त्यांनी संगणकावर तक्ता केला आहे, त्यात रंगसुद्धा भरले आहेत. आमच्या चुलीच्या मापाची रॉकेलवरची आगा आठवड्याला चाळीसेक लिटर पिते. वर्षाचे दोन हजार लिटर धर. हल्ली साठ-पासष्ट पेन्स लिटर असा भाव आहे, म्हणजे वर्षाला बाराशे-तेराशे पौंड, आपले दीड लाखाच्या घरात. एक लिटर रॉकेल जळलं की साधारण दहा युनिट उष्णता निघते, म्हणजे आठवड्याला चारशे युनिट. "यातली माझ्या आमटी-भाताच्या वाट्याला किती?" असं मी विचारलं तर तक्त्यात तो रकानाच नव्हता. बाकीची उष्णता भिंतींना, धुराड्याला आणि शेजारच्या मांजराला जाते, ते आमच्याकडेच झोपतं. शिवाय भावाचा भरवसा नाही. २०२२ च्या मार्चमध्ये, रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्यानंतर, इथे रॉकेल दुपटीच्या वर गेलं होतं. विजेच्या आणि पाइपच्या गॅसच्या दराला नियामकाने कमाल मर्यादा घालून दिलेली असते, रॉकेलला तशी काही नाही. टँकरवाला सांगेल तो भाव.

"मग हीच चूल विजेवर करून घ्या," असं तू म्हणशील. होते ना! अशी रूपांतरं करून देणारे कारागीर इथे आहेत, आतला बर्नर काढून विजेची कॉइल बसवतात. विजेवरची आगा ऐंशीच्या दशकापासून मिळते, ती रात्रीच्या स्वस्त विजेवर बीड तापवून ठेवायची आणि दिवसा ते वापरायचं. पण म्हैस ती म्हैसच. चोवीस तास तापलेली ठेवली तर आठवड्याला दोनशेच्या वर युनिट जातात, आणि वीज आज साधारण २६ पेन्स युनिट आहे. म्हणजे पन्नास पौंडांच्या वर, रॉकेलच्या दुप्पट. नव्या रूपांतरात प्रत्येक तबकडी आणि ओव्हन वेगळा चालू-बंद करता येतो. ते बरं. पण हवं तेव्हाच पेटवायचं असेल तर बिडाचा एवढा डोंगर स्वयंपाकघरात ठेवायचा कशाला, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. तापायलाच तिला कितीतरी वेळ लागतो. सकाळी थोरल्याच्या डब्याला पोहे करायचे तर आदल्या रात्री विचार सुरू करावा लागेल.

या चुलीचा जन्म कसा झाला ते बाबांना मुद्दाम वाचून दाखव. गुस्ताफ दालेन नावाचा स्वीडिश शास्त्रज्ञ होता. दीपस्तंभ आणि समुद्रातले बोये यांचे गॅसचे दिवे आपोआप चालावेत अशी योजना त्याने केली. उजाडलं की दिवा बंद आणि अंधारलं की सुरू, अशी झडपही त्याचीच. त्याबद्दल १९१२ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्याला मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले. घरी बसावं लागलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की बायको दिवसभर चुलीशी झटतेय, सारखं सरपण घालतेय, सारखं राखतेय. मग १९२२ मध्ये त्याने ही स्वतःची स्वतः तापत राहणारी चूल काढली. नोबेल मिळण्याइतकी बुद्धी असलेल्या माणसाला बायको घरात काय करते हे कळायला आधी डोळे जावे लागले! मी हे जावयांना जरा मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी तक्त्यात आणखी एक रंग भरला. आणि हो, तुझ्या माळ्यावर पडलेला प्राइमस, तोही स्वीडनचाच, १८९२ चा, फ्रान्स लिंडक्विस्ट नावाच्या माणसाचा. दापोलीत तू पंप मारमारून भर्र करायचीस आणि मी इथे काट्याकडे बघत बसते, दोघींच्या मागे स्वीडनचेच पुरुष.

स्वयंपाकाचं म्हणशील तर या चुलीवर काही पदार्थ असे होतात की मी तिला नावं ठेवायची बंद होते. तूप खालच्या ओव्हनमध्ये कढायला ठेवलं आणि झोपले, सकाळी बेरी बदामी रंगाची. कडधान्यं रात्रभर मऊसूत. पाहुणे आले की बाकी सगळं करून खाली ठेवून द्यायचं, तासाभराने काढलं तरी गरमागरम. इडलीचं पीठ इथल्या थंडीत एरवी जागचं हलत नाही, हिच्या शेजारी ठेवलं की रातोरात वर येतं. डब्यातला हापूसचा रस ताटांत पसरून झाकणावर ठेवला आणि नॉर्थम्बरलंडमध्ये आंबापोळी वाळवली. अशी या जिल्ह्यात पहिलीच असावी, पण नोंद कुठे करायची ते माहीत नाही. समोरच्या दांडीवर मोजे वाळतात. शेजारणी सांगतात, धुतलेल्या चादरी नीट घड्या घालून झाकणावर ठेवल्या की इस्त्री लागत नाही. मी करून पाहिलं, खरं आहे.

आणि भाकरी! तांदळाची उकड काढली, परातीत थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. एक अंग झाल्यावर तवा बाजूला सरकवला आणि भाकरी उलटी करून थेट त्या कडक बिडाच्या तबकडीवर टाकली. आधी कडेला एक छोटासा फोड आला. तो मध्ये सरकला, दुसरा त्याला येऊन मिळाला, आणि डोळ्यांदेखत अख्खी भाकरी टम्म. खाली ज्योत नाही, धूर नाही. तबकडीला चिकटलेलं पीठ करपतं, ते तारेच्या ब्रशने झटकलं की काम झालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला तेव्हा वाटलं होतं, जाऊ दे दीड लाख.

पण दिवाळी आली आणि म्हशीने लाथ मारली. चिवड्याचे पातळ पोहे खालच्या ओव्हनमध्ये झकास कुरकुरीत झाले. बेसन मंद तबकडीवर असं भाजलं गेलं की लाडवांना तू पैकीच्या पैकी गुण दिले असतेस. मग चकल्या. झाकण उघडं राहिलं की हिच्या पोटातली उष्णता भसाभस निघून जाते, आणि तळणीला तर सारखी आच लागते. पहिला घाणा खुसखुशीत, दुसरा बरा, तिसऱ्याला तेल थंड पडलं आणि चकल्या तेल पिऊन बसल्या. काटा काळ्या रेघेच्या खाली गेला. आता ती परत तापेपर्यंत तासन्‌तास थांबायचं. सोऱ्यात पीठ तसंच, आणि संध्याकाळी पाहुणे. इथल्या बायका हिच्यावर तळत नाहीत, सगळं ओव्हनमध्ये करतात. ज्या संस्कृतीत चकली नाही तिने ही चूल बनवली, यात तिचा तरी काय दोष?

दुसरी गंमत म्हणजे हिच्या ओव्हनचा वास घरात येत नाही. आतली वाफ आणि वास थेट धुराड्यात जातात. ऐकायला छान वाटतं. पण जावयांनी एकदा मुगाची खिचडी वरच्या ओव्हनमध्ये ठेवली, हॉस्पिटलमधून फोन आला, ते गेले. कुणालाच वास आला नाही. दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर पातेल्यात कोळसा. दाणे मात्र एकेक सुटे होते. तुझ्या चुलीवर भात नुसता लागायला लागला की तू अंगणातून ओरडायचीस. इथे नाकाचा उपयोग नाही.

शेजारच्या आजींकडेही अशीच एक आहे, आमच्याहून जुनी. ऐंशी ओलांडलेल्या आहेत, मेंढ्या पाळतात, आणि रोज आमच्या कुंपणाशी येऊन आज पाऊस येणार असं सांगतात. रोज खरं ठरतं. गेल्या वसंतात मी त्यांच्याकडे वाटीभर लोणचं घेऊन गेले. पाहते तर खालच्या ओव्हनचं दार उघडं आणि आत टॉवेलात गुंडाळलेलं कोकरू. माझ्या हातातली वाटी पडायची बाकी राहिली. म्हटलं, "अहो, हे जिवंत आहे!" त्या म्हणाल्या, "म्हणून तर ठेवलंय." इकडे मार्च-एप्रिलमध्ये कोकरं जन्मतात तेव्हा पाऊस आणि बर्फ दोन्ही असतं. आईने टाकलेलं गारठलेलं पिल्लू या मंद ओव्हनच्या उबेत ठेवतात, शेतकऱ्यांकडे ही जुनी रीत आहे. थोड्या वेळाने त्याने एक कान हलवला, मग दुसरा, मग डोकं बाहेर काढून माझ्याकडे असं पाहिलं की मीच परकी. शेवटी ते उतरलं, धडपडत दारापर्यंत गेलं आणि मला न्यायला आलेल्या तुझ्या जावयांच्या बुटात मुतलं. आता सांग, इंडक्शनच्या कुठल्या शेगडीत ही सोय आहे?

तर या पार्श्वभूमीवर आम्ही न्यूकॅसलला शोरूममध्ये गेलो. या आगाच्या विक्रीची एक गोष्ट आहे. डेव्हिड ओगिल्वी म्हणून पुढे जाहिरातीच्या धंद्यात फार मोठा झालेला माणूस, तो तरुणपणी स्कॉटलंडमध्ये दारोदार ह्याच चुली विकायचा, आणि त्या कशा विकाव्यात याची पुस्तिका त्याने १९३५ मध्ये लिहिली. आम्हाला भेटलेल्या विक्रेत्याला ती पाठ असावी. भूलतज्ज्ञ माणसाला त्याने पाच मिनिटांत भूल दिली. जावई मान डोलवत एका लाल रंगाच्या, तीन ओव्हनवाल्या शेगडीभोवती प्रदक्षिणा घालायला लागले. मी पिशवीतून तवा, पळी आणि लोहचुंबक काढलं.

इंडक्शनचं असं आहे, हे बाबांना माहीत असेल पण तुला सांगते. काचेखाली तांब्याची कॉइल असते, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते, आणि त्याने भांड्याचं बूडच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे. म्हणून भांडं चुंबकाला चिकटणारं हवं. मी घरी सगळ्या भांड्यांना चुंबक लावून पाहिलं. तुझं पितळी पातेलं नापास. तांब्याचा तांब्या नापास. ॲल्युमिनियमचा कुकर, ज्याने माझी दोन बाळंतपणं काढली, नापास. लोखंडी तवा आणि कढई पास, पण कढईचं बूड गोल, काचेवर टेकतं टिकलीएवढं. आणि फोडणीची पळी! लोखंडाची असून तिचा काही उपयोग नाही. शेगडीवर ठेवली की पडद्यावर अक्षरं उमटतात, भांडं ठेवा. अहो, ठेवलंय! पण तिला बूड एवढं लहान की शेगडी तिला भांडंच मानत नाही. कढई हलवायला म्हणून उचलली तरी आच बंद. मोहरी तडतडायला लागली की आपला हात आपोआप पळी उचलतो, तेवढ्यात हिचा संप. विक्रेता म्हणाला, सपाट बुडाचं छोटं पॅन घ्या. घेऊ. पण पळीतून वरणावर फोडणी ओतली की जो चर्र आवाज होतो, तो पॅनमधून येतो का, हे त्याला सांगता आलं नाही.

बाकी इंडक्शनची तक्रार करायला जागा नाही, हे मला तिथेच मान्य करावं लागलं. पाणी बघता बघता उकळतं. दूध उतू गेलं तर काच पुसली की काम झालं, आणि दुधाला उतू जायच्या आत थांबवताही येतं, बोट लावलं की आच तत्क्षणी पडते. तळणीला आच एकसारखी, म्हणजे चकल्यांचा प्रश्न मिटला. आपल्या चौघांच्या स्वयंपाकाला दिवसाचे दोन-तीन युनिट, म्हणजे पाऊण पौंडाच्या आत-बाहेर. तक्त्यातला हा रकाना हिरवा आहे.

तुझा खरा प्रश्न मला ठाऊक आहे. "सरळ गॅस का नाही घेत?" मलाही तोच हवा होता. वर गॅसचे बर्नर, खाली विजेचे ओव्हन, अशा दुहेरी शेगड्या इथे सर्रास मिळतात, आणि पाइप नसला तर ४७ किलोचे सिलेंडर घराबाहेर लावता येतात. भरीत, पापड, पळी, सगळं सुटलं असतं. पण एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली साचतो, म्हणून सिलेंडर गटाराच्या तोंडाजवळ किंवा तळघराच्या झडपेजवळ ठेवू देत नाहीत. आमच्या मागच्या भिंतीशी दोन्ही आहेत, आणि उरलेल्या जागेत रॉकेलची टाकी. पाहायला आलेला मिस्त्री हसला आणि चहा पिऊन गेला. लाकडाच्या चुलीचा विचारही झाला, तोही सांगते म्हणजे तू दादाकडे बोलून दाखवणार नाहीस. इंग्लंडमध्ये घरगुती जाळायला नेहमीचा दगडी कोळसा विकायला २०२३ पासून बंदी आहे. लाकूड थोडं थोडं विकायचं तर त्यात ओल २० टक्क्यांच्या वर नको, तसा शिक्का लागतो. तू आगोटीला पडवीत रचतेस त्या जळणाला इथे कुणी शिक्का दिला नसता.

मग घोडं अडलं कुठे? वाऱ्यापाशी. २०२१ च्या २६ नोव्हेंबरला अर्वेन नावाचं वादळ इकडे आलं, तेव्हा आम्ही इथे नव्हतो, पण गावात अजून त्याच्याच गोष्टी चालतात. ब्रिटनमध्ये जवळपास दहा लाख घरांची वीज गेली, आणि काही हजार घरं आठवड्याच्या वर अंधारात राहिली, त्यात आमच्या या भागातली पुष्कळ. बाहेर गोठवणारी थंडी. त्या दिवसांत सगळी गल्ली शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात होती, कारण त्यांच्या जुन्या रॉकेलच्या चुलीला वीज लागतच नाही, रॉकेल आपल्या भाराने खाली येतं आणि जळत राहतं. नव्या बर्नरच्या चुलींना मात्र पंखा आणि पंप चालवायला वीज लागते, त्या तेव्हा गप्प बसल्या. हे ऐकताना मला आपलं निसर्ग चक्रीवादळ आठवलं. २०२० चा ३ जून. आपले नारळ आडवे, खांब आडवे, आणि लाइट परत यायला किती आठवडे गेले ते तुला काय सांगायचं. दादाने हौसेने दिलेली इंडक्शन शेगडी तेव्हा तू फडताळात ठेवून तिच्यावर पापडांचा डबा ठेवलास, आणि परसातल्या चुलीवर वाडीतल्या तीन घरांचा भात रांधलास.

तिथेच मला माझ्या गोंधळाचं मूळ सापडलं. आपल्याकडे चूल निवडावी लागतच नाही, भर पडत जाते. तुझ्याकडे गॅस आहे, परसात चूल आहे, न्हाणीघराबाहेर बंब आहे, माळ्यावर प्राइमस आहे, फडताळात इंडक्शन आहे. नवं आलं की जुनं एक पाऊल मागे सरकतं, घराबाहेर कुणी जात नाही. पण चारशे किलोची आगा माळ्यावर चढवता येत नाही. इथे एकीला घ्यायचं तर दुसरीला काढावंच लागतं, आणि मला काढायची सवय नाही.

तर शेवटी ठरलं ते असं. शंभर सेंटिमीटर रुंदीची, वर इंडक्शन आणि खाली दोन ओव्हन अशी विजेची शेगडी घ्यायची. निळसर करडा रंग, लालवर मी काट मारली. बाबा पुरावा न ऐकता बरोबर निघाले, हे त्यांना इतक्यात कळवू नकोस, पुढची तीन वर्षं ऐकवतील. वायरमनने सांगितलं आहे की तिच्यासाठी फ्यूजबोर्डापासून वेगळी जाड तार ओढावी लागेल, म्हणजे जिन्याखालची भिंत फुटणार. आगा नेणारा माणूस ठरला आहे, तो जागेवर तिचे तुकडे करून नेतो आणि दुरुस्त करून पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात बांधतो. बैठकीच्या खोलीत लाकडाचा छोटा स्टोव्ह आहेच, त्याचा माथा सपाट आहे, मी मापून पाहिला, तुझं पितळी पातेलं बसतं. आणि भरीत, पापड आणि पळीसाठी सहलीला नेतात तो एका बर्नरचा गॅस घेतलाय. तो परसदारी उघड्यावरच पेटवायचा, अशी जावयांची अट आहे. पावसात छत्री धरून वांगं भाजीन. इडलीच्या पिठाचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. नव्या ओव्हनमध्ये चाळीस अंशांची सोय आहे म्हणतात, बघू.

गावात बातमी पसरलीय. दुकानात दोघीतिघींनी माझा दंड धरून विचारलं, खरंच काढताय? कुणी गेल्यावर भेटायला येतात त्या आवाजात. शेजारच्या आजी मात्र व्यवहारी. त्या म्हणाल्या, "काढा, पण मार्चमध्ये माझ्याकडे जागा पुरली नाही तर कोकरं तुमच्या त्या लाकडाच्या स्टोव्हपुढे आणीन." जावई म्हणाले, जरूर आणा. त्या दिवसापासून ते बूट कपाटात ठेवतात.

बाबांच्या गुडघ्याला तेल लावत जा. दादा-वहिनींना नमस्कार, चिल्ल्यापिल्ल्यांना आशीर्वाद.

तुझी,
चिमी

ता. क. दादा नाताळात येतोय तर त्याच्याबरोबर एक लोखंडी तवा पाठव, खोलगट नको, अगदी सपाट बुडाचा. दुकानात तो उलटा करून बुडावर पट्टी आडवी धरून बघायची, पट्टीखालून उजेड दिसला तर दुसरा काढायला सांगायचा. चुंबक घरून न्यायचं. दुकानदार हसला तर हसू दे, पण पैसे चुंबक चिकटल्यावरच द्यायचे.